नाव घ्या, सर

जुलै लागला की मला मारामारीचा वास येतो. हसू नका, खरंच येतो. ओल्या मातीनं लोकांना कविता सुचतात म्हणे. मला त्या वासातून फुटलेला ओठ आठवतो, बुटात साचलेलं पाणी आठवतं, गुडघ्याला खसाखसा चोळलेलं मलम आणि दोन शाळांच्या पोरांनी एकमेकांच्या आयाबहिणींचा केलेला उद्धार आठवतो. आमच्या डिलाईल रोडवर शाळांच्या फुटबॉलचा हंगाम भर पावसातच यायचा, अजूनही येतो. परवा जिन्यात दोन मुलं मोबाइलला डोकी चिकटवून बसली होती आणि आतून कुणीतरी बोंबलत होतं, "घुस, घुस! फोड त्याला!" शाळेची मॅच लाइव्ह चालली होती. मी दोन पायऱ्या उतरलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. तो आवाज माझा नव्हता, पण ओरडण्याची ती रीत माझी होती.

मी तीस वर्षं पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. कांबळे सर म्हटलं की अजूनही आमच्या रस्त्यावरची चाळिशीतली माणसं सिगारेट पाठीमागे लपवतात. त्यात आदर किती आणि भीती किती, याच्या खोलात मी जात नाही. माझा हात चालायचा. लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायची माझी खासियत होती. त्याबद्दल पालकसभेत आया माझे आभार मानत. "घरात बाप मारतो, शाळेत तुम्ही मारा, म्हणजे पोरगं सरळ जाईल," असं एका बाईनं मला हात जोडून सांगितलं होतं. आमच्याकडे मार हा औषधासारखा दिला जायचा, सकाळ-संध्याकाळ. संपात बसलेल्या बापांनी आम्हाला मारलं, आम्ही मोठे होऊन दुसऱ्यांच्या पोरांना मारलं. घरी बाबासाहेबांची तसबीर, शिकण्याची सगळी शिस्त तिथूनच आलेली. पण हातातली पट्टी कुठून आली हे मी तेव्हा स्वतःला कधी विचारलं नाही.

असल्या पोरांना फुटबॉल दिला तर काय होणार? मैदान आमच्या चाळींच्या मधोमध. तिन्ही बाजूंना गॅलऱ्या, चौथ्या बाजूला गिरणीची भिंत. जुलैत तिथे गवताचं पातं उरायचं नाही, नुसता घोट्यापर्यंतचा काळा चिखल. त्यात बावीस पोरं उतरली की चेंडू हे निमित्त. ढोपरं, कोपरं, डोकी चालायची. लालबागच्या मंडळांची पोरं ढोल घेऊन यायची, त्यांच्या सरावाचे दिवस असायचे ना. ढोलाचा ठेका वाढला की मैदानावरच्या लाथा वाढायच्या. एकदा एका पोराचे पुढचे दोन दात पडले. तो ते चिखलात शोधत बसला होता आणि खेळ त्याच्या अंगावरून चालू होता. लोक हसत होते. मीही हसत होतो, आणि माइकवर हसत होतो, म्हणजे माझं हसू सगळ्या चाळींना ऐकू गेलं.

माइकचं सांगतो. आमचा केबलवाला दिलीप. तळमजल्यावरच्या खोलीत त्याचा सगळा पसारा, आणि घराघरांत तारा टाकल्यावर एक चॅनल त्यानं स्वतःसाठी ठेवलेलं. त्यावर तो हळदीकुंकू दाखवायचा, साखरपुडे दाखवायचा, गणपतीचं विसर्जन दाखवायचा, आणि पावसाळ्यात शाळांच्या मॅचेस. कॅमेरा एकच. तो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत प्लास्टिकच्या कागदाखाली बसवलेला, शेजारी स्टुलावर मी. मराठीचा मास्तर, आवाज खणखणीत, फुकट येतो, यापलीकडे दिलीपला काही नको होतं.

पहिल्या मॅचला मी "चेंडू आता डावीकडे गेला आहे" असं आकाशवाणीच्या बातम्यांसारखं बोललो. दिलीपनं मध्यंतराला मला फैलावर घेतलं.

"सर, हे काय चाललंय? चेंडू डावीकडे गेला हे बायकांना दिसतंय ना टीव्हीवर!"

"मग काय बोलू?"

"नाव घ्या, सर. कोणी मारला, कोणी पाडला, कोणाला लागलं, प्रत्येकाचं नाव घ्या. लोकं फुटबॉल बघत नाहीत. आपल्या पोराचं नाव टीव्हीत येतंय का ते ऐकायला बसतात. नाव नाय घेतलं ना, तर चॅनल बदलतात."

त्याचं म्हणणं खरं होतं. राकेशच्या, सुमेधच्या आया हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून नावासाठी थांबायच्या. दुसऱ्या दिवशी बाजारात मला अडवून विचारायच्या, "आमच्याचं दोनदाच घेतलंत, सर?" तेव्हापासून मी नियमच केला. मैदानावर काहीही होवो, त्याला नाव द्यायचं. दिसलं तर दिसलेलं नाव. नाही दिसलं, तर जे असेल असं वाटतं ते. चिखलात दहा मिनिटांत दोन्ही संघांचे शर्ट एकाच रंगाचे व्हायचे, पाठीवरचे नंबर बुजायचे. तिसऱ्या मजल्यावरून मला बावीस काळी पोरं दिसायची. तरी माझ्या जिभेनं कधी धीर सोडला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

सगळ्यात जास्त मी घेतलेलं नाव नितेश परबचं. नववीतला, अंगानं थोराड, बचावाला खेळायचा. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा. माझ्या पट्टीला हात पुढे करताना डोळेसुद्धा मिटायचा नाही. मैदानात मात्र त्याला ओलांडून कुणी जात नसे. मीच त्याला नाव दिलं, डिलाईल रोडचा बुलडोझर. "बुलडोझर आला! चिरडला! सपाट केला!" असं मी किंचाळलो की गॅलऱ्या दणाणायच्या. ते नाव चाळीनं उचललं. बारकी पोरं त्याच्या मागे घुर्रर्र असा आवाज काढत फिरायची. पीटीच्या सरांनी मुंबईच्या शालेय संघाच्या शिबिरासाठी एकच नाव लिहून ठेवलं होतं, ते त्याचं. आमच्या शाळेतून तोवर कुणाचं गेलं नव्हतं. खरं म्हणजे नितेश पायात पाय घालत नसे, तो नुसता वाटेत उभा राहायचा आणि येणारा त्याच्यावर आपटायचा. पीटीचे सर मला म्हणाले होते, "कांबळे, पोरगा स्वच्छ खेळतो रे. तू त्याला उगाच खाटीक करतोयस." मी म्हटलं, "लोकांना आवडतं."

मग शिवडीच्या शाळेबरोबरची मॅच आली. जिंकणारा उपांत्य फेरीत. शिवडीहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, बंदराकडची, गोदामांवर काम करणारी, दणकट. सकाळपासून पाऊस. पहिल्या अर्ध्या तासात तिघांना उचलून बाहेर नेलं. गोल एकही नाही. मध्यंतराला नळापाशी दोन्ही शाळांच्या पोरांनी एकमेकांचे केस धरले, एकाचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं. मी वरून ते सगळं सांगत होतो आणि माझ्या अंगावर शहारे येत होते. सुखाचे, हे लपवत नाही.

शेवटची पाच मिनिटं. आम्हाला कॉर्नर मिळाला. शिवडीच्या गोलसमोर चौदा-पंधरा पोरं एकमेकांना ढकलत उभी. चेंडू वरून आला, त्यांच्या गोलकीपरनं झेप घेतली, चेंडू पोटाशी धरला आणि तो चिखलात पालथा पडला. त्याच्यावर पाच-सहा जण कोसळले. त्या ढिगातून एक पाय मागे गेला आणि पुढे आला. गोलकीपरच्या तोंडावर. तो आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला. ओल्या पाटावर नारळ फोडावा तसा.

दिलीप शेजारून कुजबुजला, "नाव घ्या, सर."

मला दिसलं नव्हतं. ढिगात उंच कोण, दांडगा कोण, अशी लाथ दुसरं कोण घालणार? "नितेश परब!" मी ओरडलो. "बुलडोझरनं तोंड फोडलं! नितेश परबची लाथ, थेट तोंडावर!"

त्या दिवशी एक गोष्ट झाली जी मी आधी कधी ध्यानात घेतली नव्हती. मैदानाच्या तिन्ही बाजूंच्या घरांत टीव्ही चालू होते, सगळे मोठ्या आवाजात. मी बोललेलं एका क्षणानं मागे राहून शंभर दारांतून बाहेर पडायचं. खाली मैदानावर लोक गप्प झाले होते, गोलकीपर हलत नव्हता, पंच शिट्टी तोंडात धरून नुसताच बघत होता. आणि त्या शांततेत चहूबाजूंनी नाव आलं. नितेश परब. नितेश परब. जणू सगळ्या चाळींनी साक्ष दिली.

शिवडीची माणसं आत घुसली. नितेश मैदानाच्या कडेला एकटाच उभा होता, त्याला कळेचना की ही माणसं आपल्याकडे का धावताहेत. त्याला त्यांनी छत्र्यांनी मारलं, कॉर्नरच्या झेंड्याच्या काठीनं मारलं, चिखलात पाडून लाथांनी मारलं. एकानं त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. आमची पोरं धावली, ढोलाच्या टिपऱ्या डोक्यांवर बसायला लागल्या. पोलीस येईपर्यंत पाव तास गेला. तो पाव तास मी बोलत होतो. कुणाला कुठे लागलं ते नावानिशी सांगत होतो.

गोलकीपरच्या गालाचं हाड मोडलं, डोळा कसाबसा वाचला. नितेशच्या दोन फासळ्या गेल्या. पण तो दिवस तिथे संपला नाही. नितेशचे वडील शिवडीच्या गोदामात माथाडी कामगार होते आणि त्या गोलकीपरचा सख्खा मामा त्यांच्याच टोळीत पाठीला पाठ लावून पोती उचलायचा. वडिलांनी मॅच खाली मंडळाच्या ऑफिसात चारचौघांत बसून पाहिली होती. संध्याकाळी दवाखान्यातून पट्टी बांधून आलेल्या पोराला त्यांनी घरात घेतलं नाही. गॅलरीत, सगळ्या मजल्यासमोर, कमरेचा पट्टा काढला. मला हे शाळेच्या शिपायानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, तो त्याच मजल्यावर राहायचा. पोरगा एवढंच म्हणत होता, "बाबा, मी नाही. आईशप्पथ, मी नाही." आणि वडील प्रत्येक फटक्याला विचारत होते, "सर टीव्हीवर खोटं बोलतील? बोल, सर खोटं बोलतील?"

शिपायानं हे मला कौतुकानं सांगितलं. सरांच्या शब्दाला किती मान आहे बघा, असा त्याचा सूर होता. मलाही, खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.

पीटीच्या सरांनी शिबिराच्या कागदावरचं नाव खोडलं. तिसऱ्या दिवशी दिलीपनं लोकाग्रहास्तव ती मॅच पुन्हा लावायचं ठरवलं आणि मला कॅसेट बघायला बोलावलं. खाली त्याच्या खोलीत आम्ही दोघे. कॉर्नर आला, ढीग झाला, पाय मागे गेला. आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, ढिगापासून चांगली दहा पावलं लांब, एक मुलगा एका पायावर उभा राहून चिखलात रुतलेला बूट उपसून काढत होता. बूट निघाला, त्यानं तो घातला, मान वर केली. नितेश. लाथ पडली तेव्हा त्याच्या एका पायात बूटच नव्हता.

ज्यानं मारली तो मुलगा कोण, हे पुढे मला कळलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. नावं घेण्याचा माझा अनुभव चांगला नाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, सर," दिलीप म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "पुढच्या मॅचला बोलता बोलता सांगून टाका." पुढची मॅच झालीच नाही. आमची शाळा त्या वर्षी स्पर्धेतून बाद झाली. कॅसेट मात्र ठरल्याप्रमाणे लागली, माझ्या त्याच आवाजासकट. पडद्याचा कोपरा कोण बघतो? लोक ऐकतात.

नितेश पंधरा दिवसांनी शाळेत आला. मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"मला कळलंय, तू नव्हतास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मार खाताना बघायचा तसाच. "मग घरी सांगा ना, सर," तो म्हणाला. "बाबांना. ते बोलत नाहीत माझ्याशी."

"रविवारी येतो," मी म्हटलं.

रविवार आला. मी कपडे केले, त्यांच्या चाळीच्या जिन्यापर्यंत गेलो. वर गॅलरीत त्याचे वडील लुंगीवर उभे होते, कठड्यावर दोन्ही हात टाकून. ते हात मी पाहिले आणि परत फिरलो. माइकवर लोकांची तोंडं फोडायला लावणारा मी, एका माणसाच्या हातांना घाबरलो. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. मग गणपती आले, मग सहामाही आली. शरम अशी असते की ती दिवसागणिक जड होत जाते आणि मग माणूस तिला हात लावायचं सोडून देतो. आणखी एक गोष्ट होती. मास्तर चुकला हे एकदा चाळीला कळलं, तर इतक्या वर्षांच्या पट्टीचं काय? मी बोटांवर मारलेल्या प्रत्येक पोरानं विचारलं असतं, तेव्हा तरी तुम्ही बरोबर होतात का?

नितेशनं पुन्हा कधी ती गोष्ट काढली नाही. चेंडूला पायही लावला नाही. दहावी झाला, एसी दुरुस्तीचं काम शिकला. मी माइक सोडला, घसा बसतो असं सांगून. पट्टीही त्यानंतर हळूहळू कपाटात गेली. सुधारलो म्हणून नाही, हात उचलला की तो एका पायावर उभा राहिलेला मुलगा दिसायचा म्हणून.

यंदा दिलीपच्या मुलानं गळ घातली. तो आता त्याच मैदानातल्या मॅचेस मोबाइलवर दाखवतो. मैदानामागच्या दोन चाळी पाडून टॉवर उठलेत, उरलेल्या आपली पाळी येण्याची वाट बघताहेत. "काका, एक मॅच बोला ना. जुन्या लोकांना तुमचा आवाज पाहिजे." मी नाही म्हणायला म्हणूनच मैदानावर गेलो. तिथे बाईकवर टेकून एक माणूस उभा होता, खांद्याला हत्यारांची पिशवी. केस पांढरे व्हायला लागलेले. मी ओळखलं.

"कसा आहेस, नितेश?"

"बरा आहे, सर." मग पिशवी खांद्यावर सारखी करत, "बाबा गेले. दिवाळीच्या आधी."

मी काहीतरी पुटपुटलो.

"शेवटी आजारपणात बोलायचे माझ्याशी. चांगलं बोलायचे." तो मैदानाकडे बघत होता, तिथे कुणीतरी कुणाचा शर्ट धरून ओढत होतं. "एकदा म्हणाले, जाऊ दे, पोरपणात होतात चुका. मी तुला माफ केलं." तो हसला, वाईट हसला. "मी काय बोलणार? हो म्हटलं."

मला वाटलं, यानं आता माझ्या कानाखाली काढावी. त्यानं हेल्मेट घातलं आणि कामाला गेला.

रविवारी मी जिना चढलो. या वेळी वर कठड्याशी कुणी नव्हतं. नितेश कामावर होता. त्याची आई जमिनीवर पेपर पसरून सुकट निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं, पदर सारखा केला, "बसा, सर," म्हणाली. मी तिच्या शेजारी खालीच बसलो. मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात, सगळं सांगितलं. कॉर्नर, चिखल, कॅसेट, बूट, तो रविवार. सांगून झालं तेव्हा मी मान वर केली. ती सुकट निवडत होती.

"मोठ्यान बोला, सर," ती म्हणाली. "ह्या कानान माका ऐकाक येना नाय."

"कधीपासून?" मी आवाज चढवून विचारलं.

"त्या मॅचच्या दिवसापासून." तिनं हातातलं सुकट खाली ठेवलं. "माझी सासू आजारी होती तेव्हा, झोपलेली असायची. मी मॅच आवाज बंद करून बघायचे. म्हणून मला बरोबर दिसलं. नितेश चिखलातून बूट काढत होता, कोपऱ्यात. गॅलरीत हे मारायला लागले तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, मी बघितलंय, आपलो झील थंय नाय होतो. तर म्हणाले, सरांपेक्षा तुला जास्त कळतं? आणि दिली एक, इथे." तिनं कानाकडे बोट नेलं. "पडदा फाटला म्हणाले डॉक्टर. मग मी पण नाही काही बोलले परत."

सरपटतच मी तिच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि जो आवाज बंद करून वर्षं झाली होती त्या आवाजात सांगितलं. लाथ नितेशनं घातली नव्हती. मी न बघता बोललो. मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं आणि मी आलो नाही.

ती मन लावून ऐकत होती, शेवटपर्यंत.

"आता माका ऐकाक इला," ती म्हणाली. मग तिनं उघड्या दाराकडे मान हलवली. "भायर जावा. गॅलरीत उभे रवान सांगा."